वाळवंटातल्या वसाहतीचं खाजगी गोल्फ मैदान : सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मुलगा दुबईला, लेक-जावई फिनिक्सला, भाचा लास व्हेगासला, अशी घरं आता जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत सगळीकडे सापडतात. त्यातले काही जण गोल्फ मैदानाभोवती बांधलेल्या वसाहतींत राहतात. आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जाऊन येतात. जायच्या आधीही मला गाठतात आणि आल्यावरही, कारण मी बरीच वर्षं आखातात गोल्फ मैदानांच्या सिंचनाचं काम केलं आणि आता इथे डाळिंबाच्या बागांना ठिबक बसवून देतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. यात खेळाबद्दल थोडं आहे आणि पाण्याबद्दल पुष्कळ. तसं असायलाच हवं, कारण वाळवंटातलं मैदान समजून घ्यायचं तर आधी त्याच्या पाण्याची चौकशी करावी लागते.

वाळवंटात गोल्फ मैदान बांधायचं सुचलं तरी कुणाला?

घरं विकणाऱ्यांना. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज परिसरात, रँचो मिराज इथे १९५१ मध्ये 'थंडरबर्ड' हा क्लब सुरू झाला. त्या खोऱ्यातलं ते पहिलं १८ होलचं, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांचं, मैदान. फेअरवेच्या, म्हणजे खेळाच्या हिरव्या पट्ट्याच्या, कडेने घरं बांधून विकायची पद्धत तिथून रुळली. आज त्याच खोऱ्यात शंभराहून जास्त मैदानं आहेत आणि वर्षाचा पाऊस म्हणाल तर दीडशे मिलिमीटरचीही खात्री नाही. १९६० च्या १ जानेवारीला ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ 'सन सिटी' उघडली. ती निवृत्त माणसांसाठीच बांधलेली वसाहत, तिच्याही मधोमध गोल्फ होतंच. दुबईत १९८८ मध्ये 'एमिरेट्स गोल्फ क्लब' झाला. आखातातलं १८ होलचं गवताचं ते पहिलं मैदान.

खिडकीतून हिरवळ दिसली की घराला भाव जास्त येतो, हे यामागचं साधं गणित. मैदान अनेकदा स्वतःच्या कमाईवर उभं राहत नाही, भोवतालच्या घरांच्या विक्रीवर उभं राहतं. हे एक ध्यानात ठेवलं तर खालची बरीच उत्तरं आपोआप उलगडतात.

'खाजगी' म्हणजे नेमकं काय? वसाहतीत घर आहे म्हटल्यावर मैदान आपलंच ना?

बहुतेक ठिकाणी नाही. वसाहतीची रहिवासी संस्था वेगळी आणि गोल्फ क्लब वेगळा. संस्थेची वर्गणी रस्ते, फाटक, पहारा, बागा यांसाठी असते. क्लबचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं. त्याचा प्रवेशशुल्क वेगळा, महिन्याची वर्गणी वेगळी. काही क्लबांत तर दर महिन्याला ठरावीक रकमेचं खाणंपिणं क्लबच्याच उपाहारगृहात करावं लागतं, केलं नाही तरी बिल येतं. काही वसाहतींत मात्र घराच्या किमतीतच सभासदत्व धरलेलं असतं. शिवाय 'सोशल' सभासदत्व नावाचा प्रकार असतो. त्यात पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, जेवण मिळतं, पण खेळता येत नाही.

म्हणून पोचल्यावर मुलाला पहिल्याच दिवशी विचारा की आपलं सभासदत्व कोणतं आहे. क्लब हाउसमध्ये कॉलर असलेला शर्ट लागतो, जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरच्या टेबलावरच राहू द्या.

सकाळी मैदानावर फिरायला जाता येईल का? एवढी मोकळी हिरवळ, कुणीच नसतं तिथे.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर 'जाऊ नका' असंच आहे. कारणं सांगतो, म्हणजे कुणाला अपमान वाटणार नाही.

गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण टणक. बेताच्या खेळाडूच्या फटक्यालाही तो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. मारणारा अडीचशे मीटर मागे, झाडाआड किंवा चढापलीकडे असतो. तुम्हाला तो दिसत नाही आणि त्याला तुम्ही दिसत नाही. कुणीच नसतं असं वाटतं ते यामुळेच. डोक्याला लागला तर माणूस जागीच कोसळू शकतो.

दुसरं कारण पहाटेचं. उजाडायच्या आधीपासून कापणीची यंत्रं फिरत असतात, पाण्याचे फवारे अचानक सुरू होतात, औषध फवारणीही खेळ सुरू व्हायच्या आधीच उरकतात. तिसरं कारण ग्रीनचं. होलभोवतालचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. त्यावर चपलेची टाच रुतली तर तो डाग भरायला कित्येक दिवस जातात, आणि ज्याने पहाटे गुडघ्यावर बसून ते गवत तपासलेलं असतं त्याच्या जिवाला लागतं.

गाड्यांसाठी केलेली सिमेंटची अरुंद वाट दिसते, तीही फिरण्यासाठी नाही. शतपावलीसाठी वसाहतीचे पदपथ असतात, ते वापरा. काही वसाहतींत आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी रहिवाशांना मैदानावर फिरू देतात. तशी सोय आहे का हे फाटकावर नाही, क्लबच्या कचेरीत विचारा.

आणि कुठेही असताना 'फोर!' अशी सावध करणारी आरोळी ऐकू आली तर वर बघू नका. डोक्यावर दोन्ही हात घ्या आणि वाका. आवाज कुठून आला हे शोधायला मान वर केली की चेंडू चेहऱ्यावर येतो.

मैदानातलं तळं छान दिसतं. नातवंडांनी पाय बुडवले तर?

नको. ते शोभेचं तळं दिसतं खरं, पण आपल्या शेततळ्याचंच काम करतं. दिवसभर त्यात पाणी साठवतात आणि रात्री तिथूनच उपसून हिरवळीला देतात. बहुतेक ठिकाणी ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं. तळाला प्लास्टिकचं अस्तर असल्यामुळे कड निसरडी असते, पाय घसरला की वर यायला आधार मिळत नाही. अमेरिकेत अशा पाण्याच्या पाइपा आणि झाकणं जांभळ्या रंगाची असतात. जांभळं दिसलं की ते पाणी पिण्याचं नाही, एवढं मुलांना शिकवून ठेवा.

अशा मैदानाला पाणी लागतं तरी किती?

इथे जरा थांबून हिशेब करू.

ॲरिझोनातल्या १८ होलच्या मैदानाला वर्षाला साधारण ४५० एकर-फूट पाणी धरतात. एक एकर जमिनीवर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट, आपल्या भाषेत १२ लाख ३३ हजार लिटर. म्हणजे वर्षाला सुमारे साडेपंचावन्न कोटी लिटर. रोजची सरासरी पंधरा लाख लिटर, दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा शहरी पाणीपुरवठ्याचा निकष लावला, तर हे अकरा हजार माणसांचं पाणी आहे. ही सरासरी झाली. उन्हाळ्यात मागणी थंडीच्या कितीतरी पट होते.

काही दिवसांआड नळ येणाऱ्या आपल्या शहरातल्या माणसाला हा आकडा ऐकून राग येतो. तो राग मला समजतो. पण हिशेब अर्धा सोडायचा नाही. लास व्हेगासच्या पाणी प्राधिकरणाने गोल्फ मैदानांचा कोटा एकरी ६.३ एकर-फुटांवरून २०२४ पासून ४ वर आणला. म्हणजे वर्षभरात एकरावर चार फूट उभं पाणी, १,२२० मिलिमीटर. आपल्याकडे उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यात जो ऊस उभा आहे, त्याचं एकरी पाणी त्या वाळवंटातल्या हिरवळीपेक्षा जास्त भरतं. ऊस शेतकऱ्याचं पोट भरतो आणि गोल्फ करमणूक आहे, हा फरक मला पूर्ण मान्य आहे. तरीही एकरी पाणी मोजायची शिस्त त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे पाटाच्या पाण्याला ती नाही. तिकडून येताना आणण्यासारखी एक गोष्ट असेल तर ती ही.

एवढं पाणी येतं कुठून?

जागेप्रमाणे वेगळं. कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यात कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने येतं, शिवाय भूजल आणि पुनर्वापराचं पाणी. ॲरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे. त्याखाली ठरवून दिलेल्या क्षेत्रांत मोठ्या हिरवळीला वार्षिक कोटा मिळतो आणि वापर कळवावा लागतो. स्कॉट्सडेल शहराने उत्तरेकडच्या वीसहून अधिक मैदानांसाठी पुनर्वापराच्या पाण्याची वेगळी वाहिनी टाकली, आणि तिचा खर्च मैदानांनीच उचलला. मला ही व्यवस्था सगळ्यात न्याय्य वाटते. ज्याला हिरवळ हवी त्याने पिण्याच्या पाण्याला हात न लावता, स्वतःच्या खर्चाने सोय करायची.

दुबईत नदी नाही आणि पाऊसही नावापुरता. सुरुवातीला समुद्राचं पाणी गोडं करून गवताला दिलं गेलं. ते फार महाग पडतं. पुढे शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून मैदानांकडे वळवलं गेलं.

कोलोरॅडो नदीची अवस्था आता बिकट आहे. तिच्यावरच्या मीड जलाशयाची पातळी इतकी उतरली की ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. त्यानंतर लास व्हेगास भागात नव्या गोल्फ मैदानांना त्या नदीचं पाणी देणंच बंद झालं.

सांडपाण्यावर वाढलेल्या गवताला वास येत नाही का?

नीट प्रक्रिया केलेल्या पाण्याला वास नसतो. तिथे खरी अडचण असते ती क्षारांची. पिण्याच्या पाण्यापेक्षा या पाण्यात मीठ जास्त, आणि वाळवंटात पाणी उडून जातं ते मीठ मागे ठेवून. मैदानावर काम करताना आम्ही रोज पहाटे एक पोकळ सळई ग्रीनमध्ये दाबून बोटभर जाडीचा मातीचा नमुना काढायचो. वर हिरवं, खाली पांढरी मुळं आणि त्याखाली पिवळसर वाळू. मुळं वीतभर खोल गेली असली की जीव भांड्यात पडायचा. मुळं वरच्या दोन बोटांतच घुटमळत असली आणि वाळूला बोट लावून जिभेवर टेकवलं की खारट लागलं, तर समजायचं की मीठ चढलंय.

मग मुद्दाम जास्तीचं पाणी सोडून ते मीठ मुळांच्या खाली धुऊन काढावं लागतं. म्हणूनच ग्रीन वाळूवर बांधतात. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत खाली दहा सेंटिमीटर खडी आणि वर तीस सेंटिमीटर वाळूचा थर असतो, त्याखाली निचऱ्याचे पाइप. आपल्याकडे कालव्याखालच्या उसाच्या रानात जमीन फुटते, पांढरी पडते, ती याच कारणाने. तिथे पाणी आहे पण निचरा नाही.

रात्रभर फवारे का चालतात? झोपमोड होते.

रात्री ऊन नसतं, वारा कमी असतो, त्यामुळे पाणी हवेत उडून न जाता जमिनीत जातं. पुनर्वापराचं पाणी माणसांच्या अंगावर उडू नये हेही कारण आहे, आणि दिवसा खेळ असतो. चांगल्या मैदानावर एकेका फवाऱ्याला वेगळी सूचना देता येते. मैदानावरचं हवामान यंत्र दिवसभरात किती पाणी उडालं ते सांगतं आणि तेवढंच परत दिलं जातं.

फवारा सगळीकडे सारखा पडतोय का, हे बघायची युक्ती मात्र अगदी साधी आहे. जमिनीवर ठरावीक अंतराने रिकामे डबे मांडायचे, दहा मिनिटं फवारा चालवायचा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी मोजायचं. एका डब्यात बोटभर आणि शेजारच्यात तळालाही नाही, असं निघालं की नोझल झिजलेलं असतं किंवा डोकं तिरकं झालेलं असतं. ते नाही सापडलं तर माणूस सुकलेल्या कोपऱ्यासाठी सगळ्या मैदानाला जास्त पाणी देत राहतो. इथे बागेत ठिबकखाली वाट्या ठेवून मी अजूनही हेच करतो. बंगल्यातल्या हिरवळीवरही करून बघा.

गवत कोणतं असतं? बाहेरून आणलेलं काही खास?

आपली हरळी. बांधावर उपटून उपटून कंटाळतो ती, गणपतीला वाहतो ती. जगभरच्या उष्ण भागांत गोल्फ मैदानं तिच्यावरच उभी आहेत. तिचा आणि आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या भावंडाचा संकर करून १९६० मध्ये अमेरिकेत 'टिफवे' ही जात काढली, ती अजून चालते. पाणी खारट असेल तिथे 'पास्पालम' नावाचं समुद्रकाठचं गवत लावतात, आखातात ते बरंच दिसतं.

हरळी थंडीत पिवळी पडून झोपते. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात खेळाचा खरा हंगाम मात्र थंडीतलाच. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये हरळी खरवडून तिच्यावर रायगवताचं बी टाकतात. दोन ते चार आठवडे मैदान बंद असतं, दिवसाही पाणी चालू असतं, सगळं मातकट दिसतं. दसऱ्याच्या सुमारास गेलेली मंडळी 'मैदान उजाड आहे' म्हणून फोन करतात, ते हेच. काही क्लब आता सगळीकडे बी टाकत नाहीत, हरळीला पिवळी राहू देतात. पाणी वाचतं, आणि पिवळ्या फेअरवेवरही खेळ उत्तम होतो. मला तरी त्यात काही कमी दिसत नाही.

मग सगळं मैदान हिरवं का ठेवायचं?

ठेवतही नाहीत. ॲरिझोनात 'टी'पाशी, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, एक तुकडा, चेंडू पडतो तिथे एक तुकडा आणि ग्रीन, एवढीच हिरवळ आणि मध्ये मूळचं वाळवंट तसंच, अशी रचना १९८० च्या दशकात रुजली. खडे, झुडपं, सग्वारो निवडुंग, कोरडे ओढे सगळं जागच्या जागी. मला हीच मैदानं देखणी वाटतात, कारण ती त्या जमिनीशी प्रामाणिक असतात. खेळायला अवघड जातात, फटका चुकला की चेंडू गेलाच.

गवताशिवायही गोल्फ होतं बरं का. आखातात तेलकंपन्यांच्या माणसांनी गवत यायच्या कितीतरी आधीपासून वाळूवर गोल्फ खेळलंय. ग्रीनच्या जागी तेल मिसळून दाबलेली वाळू असते, तिला 'ब्राऊन' म्हणतात. खेळाडू हिरव्या चटईचा छोटा तुकडा बरोबर ठेवतो, चेंडू त्यावर ठेवून मारतो. आपल्याकडच्या जुन्या छावणी भागांतही असे ब्राऊन होते.

खेळातलं काहीच कळत नाही. निदान बघण्यापुरतं सांगा.

टीपासून निघायचं, ग्रीनवरच्या १०८ मिलिमीटर रुंदीच्या होलमध्ये चेंडू घालायचा, कमीत कमी फटक्यांत. असे अठरा होल. एकूण ठरलेले फटके साधारण ७० ते ७२, त्याला पार म्हणतात. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब, म्हणजे स्टिका. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं. कुणी मारत असताना बोलू नये, हलू नये, त्याच्या रेषेवर पाय देऊ नये. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर येताना आपली पावलं दाताळ्याने पुसावीत. एवढं पाळलंत तर पाहुणे म्हणून पुन्हा बोलावतील.

साप निघाला किंवा चेंडू निवडुंगात अडकला तर?

नियमांत दोन्हींचा विचार आहे, पण न्याय वेगवेगळा. चेंडूजवळ विषारी साप असेल तर दंड न होता सुरक्षित जागी चेंडू टाकता येतो. निवडुंगाजवळ ही सवलत नाही. तो पळून जाणार नाही आणि अंगावरही येणार नाही, तेव्हा मारा नाहीतर एक फटका दंड घेऊन बाहेर या. तिथे 'चोया' नावाचा निवडुंग असतो, नुसता स्पर्श झाला तरी त्याचा गोळाच्या गोळा कपड्याला चिकटतो. हाताने ओढलात तर बोटात रुततो. तिथली माणसं पिशवीत कंगवा ठेवतात आणि काट्यांच्या खाली दात घालून झटक्यात उडवतात. सग्वारो मात्र कायद्याने संरक्षित आहे. त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नासहून जास्त वर्षं लागतात. फोटोसाठी त्याला टेकू नका, ओरखडेही काढू नका.

तिकडच्या उन्हाळ्याचं आम्हाला काय? सोलापूरचेच आहोत.

या भरवशावर राहू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि त्यातल्या सलग १६ रात्री तो ३२ च्या खाली उतरला नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४३ होतं, पण एखादा वळीव येतो, पहाटे गार वाटतं. तिथे घामही दिसत नाही, लगेच उडून जातो आणि अंगातलं पाणी कमी झालेलं कळत नाही. पालकांनी जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर धुळीची वादळंही येतात.

फेअरवेलगत घर घ्यायचं म्हणतोय मुलगा. काय बघावं?

काच फुटण्यापासून सुरुवात करू. बहुतेक हौशी खेळाडू उजव्या हाताचे आणि त्यांचा चुकलेला फटका उजवीकडे वळतो. म्हणून टीपासून बघितलं तर फेअरवेच्या उजव्या अंगाला, दोनशे मीटरच्या आसपास असलेल्या घरांवर सगळ्यात जास्त चेंडू येतात. टीच्या मागची आणि डावीकडची घरं त्यामानाने निवांत. परसात एक चक्कर मारून झुडपांत चेंडू किती सापडतात ते बघा, दलाल सांगणार नाही ते कळेल. नुकसान कुणी भरायचं हे खरेदीखताच्या अटींत असतं, आणि बऱ्याचदा घरमालकाने धोका मान्य केला आहे असंच लिहिलेलं असतं. वकिलाकडून वाचून घ्या.

त्याहून मोठा प्रश्न हा की मैदान राहणार का. फिनिक्सच्या आहवाटुकी भागातलं एक मैदान २०१३ मध्ये बंद झालं, हिरवळ वाळली आणि भोवतालच्या रहिवाशांना वर्षानुवर्षं कोर्टात लढावं लागलं. म्हणून तीन गोष्टी लेखी मागा : पाण्याचा स्रोत आणि त्याच्या कराराची मुदत, जमीन मैदान म्हणूनच ठेवण्याची अट, आणि क्लबचा गेल्या काही वर्षांचा ताळेबंद. पाण्याबद्दल सरळ उत्तर मिळालं नाही तर घर घेऊ नका, असंच मी सांगतो.

इथून पैसे पाठवणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. दुबईत परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांतच मालकी मिळते, आणि नोंदणीला किमतीच्या चार टक्के शुल्क असतं.

आयटीआय झालेल्या पोराला आखातात मैदानावर काम मिळेल का?

मिळतं. पंप, वाल्व, ठिबकचा अनुभव असलेल्या आपल्या पोरांना हे काम चांगलं जमतं. पासपोर्टवर कामासाठी परदेशी जायला सरकारी परवानगी लागेल असा शिक्का असेल तर सरकारी ई-मायग्रेट नोंदणीतूनच जावं. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. जास्त मागणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नये. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. हा हक्क आहे, उपकार नाही, हे पोराला सांगून पाठवा.

सोलापुरात असं मैदान झालं तर?

मला अनेकदा नकाशे दाखवले जातात. माझं मत स्पष्ट आहे. उजनीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर अशी हिरवळ नको. शहरात नळ रोज येत नसताना, आणि खेड्यांत उन्हाळ्यात टँकर फिरत असताना तर मुळीच नको.

जमिनीचाही प्रश्न आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, निचरा देत नाही. मुरमाड माळ त्याला बरा, पण माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. नान्नजचं अभयारण्य अशाच माळावर माळढोकासाठी राखलेलं आहे. त्या गवताला कुणी पाणी घालत नाही, तरी पहिल्या पावसानंतर ते गुडघ्याएवढं होतं. १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन ज्या शहरात चाललंय, तिथे कमी पाण्याचं शहाणपण दुसरीकडून मागवायची गरज नाही.

कुणाला हौसच असेल तर नऊ होलचं, ब्राऊनचं, माळाचं मूळ गवत जपणारं मैदान करावं. पाणी फक्त टीपुरतं आणि तेही शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचं, स्वतःच्या वाहिनीतून आणि मीटर लावून. त्या मीटरचा आकडा दर महिन्याला फाटकावर लावायची तयारी असेल, तर फवारे बसवायला मी स्वतः येईन.